आरएक्स १०० चा पुढचा ब्रेक: शू बदलण्यापासून तो नीट पकडेपर्यंत

यामाहाची आरएक्स १०० विकत घेणारा माणूस पिकअप बघतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो, टाकीचा रंग मूळचा आहे का ते वाकून वाकून तपासतो. पुढचा ब्रेक दाबून बघणारे थोडेच. त्यावर कोणी बोललंच तर उत्तर ठरलेलं: "जुनी गाडी आहे, ड्रम ब्रेक आहे, एवढाच लागणार." हे मला अजिबात मान्य नाही. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. वजन शंभर-एक किलो आणि पुढे १३० मिलिमीटरचा ड्रम. ड्रम म्हणजे चाकाच्या मधल्या गड्ड्यातली, म्हणजे हबमधली, गोल डबी. तिला आतून दाबून चाक थांबवतात ते दोन अर्धगोल शू, लिव्हर दाबल्यावर शू फाकवतो तो कॅम आणि हे सगळं ज्या झाकणावर बसतं ती ब्रेक प्लेट. शू ड्रमला पूर्ण टेकत असतील, कॅम मोकळा फिरत असेल आणि प्लेट मधोमध बसली असेल, तर हा ब्रेक ठाण्यातल्या माजिवड्याच्या सिग्नलला गाडी खात्रीने थांबवतो. बहुतेक गाड्यांत यातलं एकही नीट नसतं. नवे शू दहा मिनिटांत कोंबून गाडी परत दिलेली असते, आणि दोष मात्र ड्रम ब्रेकच्या माथी मारला जातो.

१ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस (जोराच्या ब्रेकलाही चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची आहे. घोडबंदर रोडवर तुमच्यापुढे चाललेली नवी गाडी त्या ब्रेकने थांबते आणि तिच्या मागे तुम्ही असता. म्हणून हे काम सावकाश, रविवारची सकाळ मोकळी ठेवून करायचं. आरएक्स १०० समोर ठेवून लिहितो आहे. येझदी, राजदूत आणि जुन्या बुलेटच्या ड्रमलाही यातलं बहुतेक लागू पडतं. बुलेटचा मोठा फरक पुढे सांगितला आहे.

आधी, शू संपलेत का ते बघा

ब्रेक कमी लागतो म्हणजे शू संपले, असं दर वेळी नसतं. केबल आतून गंजली असेल, कॅम कोरडा पडला असेल किंवा ड्रमच्या आत ग्रीस गेलं असेल, तरीही लिव्हर हँडलला टेकते. चाकाजवळ वाकून ब्रेक प्लेटवरचा छोटा लोखंडी हात बघा, ज्याला केबल जोडलेली असते. कोणाला तरी लिव्हर पूर्ण दाबायला सांगा. ब्रेक पकडतो त्या क्षणी हा हात आणि केबल यांच्यात साधारण काटकोन असायला हवा. हात काटकोनाच्या बराच पलीकडे जात असेल, तर शू किंवा कॅम झिजला आहे. कॅमवर झीज दाखवणारा काटा असेल तर तोही बघून ठेवा.

इथे एक जुगाड सर्रास चालतो आणि तो धोक्याचा आहे. शू संपत आले की काही जण तो हात कॅमच्या दात्यांवरून काढून एक-दोन दाते मागे बसवतात. लिव्हर पुन्हा कडक होते आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण आत कॅम आधीच जवळजवळ आडवा झालेला असतो. शू आणखी थोडे झिजले की एखाद्या जोराच्या ब्रेकला तो पलीकडे फिरून अडकतो आणि पुढचं चाक जाम होतं. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर हे नक्की तपासा. हातावर आणि कॅमवर कारखान्याने केलेली टिंबाची खूण बहुतेक वेळा असते. ती जुळलेली दिसली पाहिजे.

लायनरची, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थराची, जाडी २ मिलिमीटरच्या खाली गेली की शू बदलायचे. रिव्हेट मारलेला लायनर असेल तर रिव्हेटचं डोकं पृष्ठभागाच्या जवळ येईपर्यंत वाट बघायची नाही, कारण रिव्हेट एकदा ड्रमला घासला की ड्रमवर कायमची चर पडते.

शू कुठले घ्यायचे

दुकानात दोन प्रकार मिळतील: खोक्यातले नवे शू आणि जुन्या शूवर नवा लायनर चढवून मिळणारे. मूळ शूचं ॲल्युमिनियमचं ओतकाम शाबूत असेल तर मी दुसरा मार्ग निवडेन, अट एवढीच की लायनर चढवणारा माणूस माहितीतला हवा. मूळ शू त्या प्लेटवर बरोबर बसतो. बाजारातल्या स्वस्त नकलांमध्ये प्लेटवरच्या खुंटीवर बसणारी खाच सैल असते किंवा शूची गोलाई कमी-जास्त असते. नवे घेतलेच तर जुना शू सोबत न्या आणि काउंटरवरच दोन्ही एकमेकांवर ठेवून रुंदी, गोलाई आणि दोन्ही टोकं जुळतात का बघा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सुटे भाग शोधायला जाणारे पुष्कळ आहेत. हब, प्लेट किंवा हात तिथून आणायला हरकत नाही, पण वापरलेले शू आणि वापरलेल्या स्प्रिंगा कधीही घेऊ नका.

शूबरोबर नव्या स्प्रिंगांची जोडी, नवी स्प्लिट पिन (ॲक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, नट सुटू न देणारी) आणि शक्यतो नवी ब्रेक केबल घ्या. ही काही मोठी खरेदी नाही आणि केबल बदलल्याचा फरक तर बोटांना लगेच जाणवतो.

घरात एवढं असू द्या: रिंग पाने, पक्कड, प्लॅस्टिकचा किंवा लाकडी हातोडा, जुना टूथब्रश, ८० आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा डबा, उष्णता सोसणारं ग्रीस, साबणाचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली, चिंध्या, खडू आणि एन-९५ मास्क. धुण्यासाठी पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका. रॉकेलचा तेलकट थर मागे राहतो आणि पेट्रोलची वाफ सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये एका ठिणगीचीच वाट बघत असते.

चाक काढणं

गाडी मेन स्टँडवर घ्या, पण पुढचं चाक लगेच उचलू नका. स्प्लिट पिन सरळ करून ओढून काढा आणि पुढचं चाक जमिनीवर असतानाच ॲक्सलचा नट अर्धा फेरा ढिला करा. चाक हवेत असताना जोर लावला तर गाडी स्टँडवरून घसरू शकते. मग इंजिनाच्या पुढे चेसिसखाली लाकडी ठोकळा सरकवा. सायलेन्सरच्या नळीवर भार येऊ देऊ नका, ती चेपते. चाक जमिनीपासून दोन बोटं वर राहिलं की पुरे. हँडल धरून गाडी हलवून बघा; डगमगत असेल तर ठोकळा बदला.

हँडलजवळचा आणि चाकाजवळचा असे केबलचे दोन्ही नट पूर्ण ढिले करून केबल प्लेटवरच्या लोखंडी हातातून सोडवा. मीटरची केबल प्लेटमधून काढा. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या, खालच्या टोकाला ॲक्सल आवळणारा आडवा बोल्ट असेल तर तोही ढिला करा. आता नट काढून ॲक्सल लाकडी हातोड्याने हलकेच ठोकत बाहेर घ्या. हट्टीपणा करत असेल तर गंजावर तेल सोडा आणि चहा पिऊन या. लोखंडी हातोड्याने ॲक्सलचे आटे पसरले की पुढचं सगळं काम अडतं.

चाक खाली येताना एका बाजूची कॉलर (ॲक्सलवरचं छोटं नळकांडं) निसटून पडते. ती कोणत्या बाजूची आणि तिचं तोंड कुठे होतं, याचा फोटो आधीच काढून ठेवा. जोडताना गोंधळ होतो तो इथेच.

ती काळी धूळ

ब्रेक प्लेट हबमधून उचलली की आत काळी-राखाडी भुकटी दिसते. गॅरेजमध्ये ती कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा सरळ तोंडाने फुंकून उडवतात. कृपा करून असं करू नका आणि तुमच्या मेकॅनिकलाही करू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जायचं. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पण फुप्फुसात गेले की तिथेच राहतात, आणि त्यातून होणारे आजार, कॅन्सरसुद्धा, कित्येक वर्षांनी, दशकांनी वर येतात. पन्नाशीतल्या मेकॅनिकने आयुष्यभरात किती ड्रम फुंकले असतील याचा विचार करा. खोक्यावर 'ॲस्बेस्टॉसविरहित' लिहिलेलं असलं तरी तुमच्या गाडीत आधी काय बसलं होतं हे तुम्हाला माहीत नसतं.

मास्क लावा. साबणाचं पाणी फवारून धूळ आधी भिजवा, ओल्या चिंधीने पुसून घ्या आणि चिंधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाका. लहान मुलं जवळ असतील तर तेवढ्यापुरतं त्यांना घरात पाठवा.

शू काढणं आणि प्लेट साफ करणं

दोन्ही शू मधून धरून पुस्तक मिटावं तसे आत दुमडा. स्प्रिंगांसकट एकत्र सुटून येतात. स्क्रू ड्रायव्हर घालून स्प्रिंग उचकटायची गरज नसते, आणि ती उडाली तर थेट डोळ्याकडे येते.

जुने शू लगेच फेकू नका, ते बरंच काही सांगतात. एक शू दुसऱ्यापेक्षा जास्त झिजलेला दिसेल आणि ते स्वाभाविक आहे. चाक ज्या दिशेने फिरतं त्या दिशेने उघडणाऱ्या शूला फिरता ड्रम स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे तो जास्त पकडतो आणि जास्त झिजतो. दुसऱ्या शूला ड्रम मागे ढकलत असतो. तरीही बदलताना जोडीच बदलायची. लायनर फक्त मधल्या भागात चकचकीत असेल तर शूची गोलाई आणि ड्रम जुळत नव्हते. एकाच कडेला झिजला असेल तर प्लेट तिरकी बसत होती किंवा कॅम सैल आहे. लायनर काळा, ओलसर, तेलकट असेल तर हबच्या सीलमधून ग्रीस येतंय किंवा फोर्कचं तेल पायावरून ओघळत प्लेटपर्यंत पोचतंय. ते कारण दूर केल्याशिवाय नवे शू बसवू नका. तेल प्यालेला लायनर पेट्रोल टाकून पेटवला की बरा होतो, अशी एक समजूत आहे. वरवर कोरडा दिसतो, पण आतलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं आणि लायनर धरून ठेवणारं चिकटवणही जळालेलं असतं.

आता कॅम. ब्रेकचा सगळा मऊपणा इथे असतो आणि इथेच सगळ्यात जास्त कंटाळा केला जातो. हात आणि कॅम यांच्यावर खूण नसेल तर सेंटर पंचने करून घ्या. मग हाताचा बोल्ट पूर्ण काढून हात सोडवा आणि कॅम बाहेरून आतल्या बाजूला ढकलून काढा. त्यावर गंज आणि वाळलेल्या ग्रीसची खळ दिसेल. १२० च्या पॉलिश पेपरने दांडा चकचकीत करा आणि प्लेटमधलं भोकही साफ करा. कॅम परत घालून बोटाने हलवून बघा. खडखडत असेल तर ब्रेक दाबताना तो आधी तिरका होणार आणि मग शू उघडणार. अशी प्लेट वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापे पट्ट्यात एखाद्या लेथवाल्याकडे नेऊन नवा बुश (भोकात बसणारी धातूची बाही) बसवून घ्या.

ग्रीस लावताना हात आखडता ठेवा. कॅमच्या दांड्यावर पातळ थर, कॅमच्या दोन्ही सपाट तोंडांवर पुसटसा आणि शूच्या दुसऱ्या टोकाच्या खुंटीवर तसाच. वर आलेलं सगळं पुसून टाका, कारण ड्रम तापला की ते वितळून लायनरवर जातं. शेवटी हात खुणेवर खूण ठेवून बसवा.

ड्रमची तपासणी

हबच्या आत बोट फिरवा. नख अडेल अशी चर, कडेला उभा राहिलेला कंगोरा, गंजाचे खड्डे, बारीक तडा, हे सगळं शोधायचं आहे. जून ते सप्टेंबर गाडी झाकून ठेवली असेल तर गंजाचा तांबडा थर असणारच. ठाणे-वाशीच्या खाडीकाठच्या दमट हवेत तो लवकर धरतो. वरवरचा गंज आणि चकाकी ८० च्या पेपरने आडव्या-तिरक्या रेघा मारत काढा, मग ब्रेक क्लीनर मारून कोरड्या चिंधीने पुसा. चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा.

ब्रेक दाबल्यावर लिव्हरमध्ये धडधड जाणवत असेल तर ड्रम लंबगोल झाला आहे. तो लेथवर आतून टर्न करून घेता येतो, पण चाक आरे आणि रिमसकट न्यायचं. आऱ्यांच्या ताणाने हब किंचित ओढला जातो. सुटा हब गोल केला आणि नंतर आरे आवळले, तर तो परत बिघडतो. टर्निंगला मर्यादाही आहे. अनेक हबच्या आत कमाल व्यास ओतलेला असतो. त्याच्यापुढे गेलेला हब बदलायचा, त्यात घासाघीस करायची नाही. शिवाय टर्न केलेल्या ड्रमची गोलाई मोठी होते आणि नेहमीचे शू फक्त मधोमध टेकतात. अशा वेळी जाड लायनर चढवून तो ड्रमच्या मापाला घासून घ्यावा लागतो.

खडूची परीक्षा

नवे शू बसवण्याआधी लायनरची दोन्ही टोकं कानशीने तिरकी करून घ्या, साधारण ३-४ मिलिमीटर. सरळ कडा ड्रममध्ये अडकत राहते. ब्रेकची चिरचिर आणि झटका बऱ्याचदा त्यातूनच येतो.

स्प्रिंगा शूला जोडा, दोन्ही शू दुमडून खुंटी आणि कॅमवर टेकवा आणि तळव्यांनी दाबून सपाट करा. लायनरला ग्रीसचा हात लागू देऊ नका. आता ड्रमच्या आतल्या पृष्ठभागावर शाळेचा साधा खडू घासा, प्लेट हबमध्ये ठेवा, कॅमचा हात हाताने ओढून शू हलके टेकवा आणि चाक दोन-तीन फेरे फिरवा. प्लेट उचलून बघा. लायनरवर जिथे खडू उमटला तिथेच तो ड्रमला टेकतो आहे. एकदोन टिपकेच दिसले तर तेवढाच भाग ८० च्या पेपरने घासा आणि पुन्हा बघा. लायनरच्या मोठ्या भागावर पांढरं उमटेपर्यंत हे चालू द्या. मास्क इथेही हवाच. यात तासभर जाईल. कुठल्याही गॅरेजला हा तास परवडत नाही, आणि म्हणूनच हे काम घरी केलेलं चांगलं. झाल्यावर खडू पूर्ण पुसून टाका.

बुलेटच्या सात इंची, दोन कॅमच्या ड्रममध्ये दोन्ही हात एका दांडीने जोडलेले असतात. दोन्ही शू एकाच वेळी टेकले तरच त्या ब्रेकला अर्थ आहे. दांडी सोडवा, दोन्ही हात वेगवेगळे ओढून शू ड्रमला टेकवा आणि त्या स्थितीत दांडीची लांबी जुळवून जोडा.

परत जोडताना

प्लेट हबमध्ये ठेवताना मीटरच्या गिअरचे कान हबच्या खाचांत बसले पाहिजेत. प्लेट पूर्ण खाली गेली नाही तर जोर लावू नका, चाक थोडं फिरवा, आपोआप बसते.

पुढची गोष्ट या लेखातली सगळ्यात महत्त्वाची आहे. फोर्कच्या खालच्या भागावर एक उंचवटा असतो आणि ब्रेक प्लेटवर त्यासाठी खाच असते. चाक वर चढवताना तो उंचवटा खाचेत बसलाच पाहिजे. प्लेटला फिरण्यापासून थोपवणारं दुसरं काहीही नाही. खाच चुकली तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरेल, केबल तुटेल आणि चाक अडकून माणूस हँडलवरून पुढे जाईल. ॲक्सल घालण्याआधी बोटाने चाचपून बघा, घातल्यावर पुन्हा बघा.

ॲक्सलला ग्रीसचा पातळ हात लावून आत सरकवा, कॉलर फोटोप्रमाणे ठेवा, नट हातानेच लावा. केबल आणि मीटरची केबल जोडा. आता कोणाला तरी चाक जोरात फिरवून एकदम पुढचा ब्रेक दाबायला आणि दाबूनच धरायला सांगा. तो दाबलेला असतानाच तुम्ही ॲक्सलचा नट आवळा. शू ड्रमला टेकलेले असल्यामुळे प्लेट मधोमध येते आणि तिथेच घट्ट होते. जराशा युक्तीने ब्रेकमध्ये एवढा फरक पडतो की मला ती प्रत्येकाला सांगाविशी वाटते. ठोकळा काढा, पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा आणि आडवा बोल्ट असेल तर तो आत्ता आवळा. नवी स्प्लिट पिन घालून टोकं वाकवा. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही.

लिव्हरच्या टोकाशी साधारण २० मिलिमीटर मोकळी हालचाल ठेवा. चाक हाताने फिरवल्यावर मोकळं फिरलं पाहिजे. अधूनमधून अगदी हलकी घासट ऐकू आली तरी चालेल. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. केबल ताणली जाऊन ब्रेक लागत असेल तर तिचा रस्ता बदला. लिव्हर सोडल्यावर कॅमचा हात झटकन मागे यायला हवा, आणि ब्रेकवर लाइटचा स्विच असेल तर मागचा दिवा पेटतो का बघा.

पहिले शंभर किलोमीटर

नवे शू पहिल्या दिवशी कमीच पकडतात. गाडी पहिल्यांदा सोसायटीच्या आवारात चालण्याच्या वेगाने फिरवा, मग रविवारी सकाळी वागळे इस्टेटच्या रिकाम्या रस्त्यांवर न्या. ३०-४० च्या वेगातून मध्यम दाबाने गाडी थांबत आणा, थोडं चालवून ड्रम गार होऊ द्या, पुन्हा तेच. ब्रेक धरून गाडी ओढत नेऊ नका. त्याने लायनर जळून काचेसारखा गुळगुळीत होतो. थांबल्यावर हबजवळ हात न्या. कोमट असावा, चटका बसत असेल किंवा जळका वास येत असेल तर शू सुटत नाहीयेत.

येऊरची उतरण, गायमुखचा घाट, मुंब्रा बायपास हे सगळं शंभरेक किलोमीटर झाल्यावर. आरएक्स १०० चं टू-स्ट्रोक इंजिन उतारावर फोर-स्ट्रोकइतकं गाडीला मागे धरत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ड्रम तापला की त्याची पकड कमी होत जाते. उतरताना खालचा गिअर ठेवा आणि दोन्ही ब्रेक आलटून-पालटून, सोडत-धरत वापरा.

पावसाळ्यात वंदना टॉकीजजवळच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचा ब्रेक जवळपास लागतच नाही. मागे गाडी नाही हे बघून, हलका ब्रेक धरून थोडं अंतर चालवा. उष्णतेने पाणी निघून जातं. रात्रभर भिजलेल्या गाडीचं उलट होतं: ड्रमवर गंजाची पापडी धरते आणि सकाळचा पहिला ब्रेक झटका देतो. म्हणून गेटबाहेर पडण्याआधीच दोन वेळा हलके ब्रेक मारून घ्या.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. सगळ्याच आरएक्स १०० त्या टप्प्यात आहेत. एमएच-०४ (ठाणे) असो वा एमएच-४३ (नवी मुंबई), तपासणीत ब्रेक बघितला जातो, तेव्हा हे काम त्या तारखेच्या महिनाभर आधी उरका, म्हणजे शू बसायला वेळ मिळतो. शू बसले की मोकळी हालचाल वाढते, म्हणून शंभर किलोमीटरनंतर केबल एकदा पुन्हा ताणून घ्या, ॲक्सलच्या नटला पाना लावून बघा आणि स्प्लिट पिन जागेवर आहे ना, हेही बघा. त्यानंतर ड्रम वर्षातून दोनदा उघडा: मे अखेरीस पावसाआधी आणि दसऱ्याच्या सुमारास पाऊस सरल्यावर.